मी काहीच केलं नाही

परवा दुपारी, जेवणानंतर डोळ्यांवर जरा झापड आलेली असताना, व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडायला गेलो. डबल क्लिक केलं. स्क्रीनच्या मधोमध ती नेहमीची चौकट आली, तिच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीबाही सरसर पळालं, आणि चौकट गेली. निरोप नाही, एरर नाही. पुन्हा डबल क्लिक, पुन्हा तेच. पाहुण्याने उंबऱ्यापर्यंत यावं, आत डोकवावं आणि घर चुकलं म्हणून चपला न काढताच मागे फिरावं, तसं.

चुलतताईच्या लग्नाला तीस वर्षं झाली, त्याचा कार्यक्रम रविवारी. लग्नाची तीन तासांची कॅसेट दुकानात देऊन पेन ड्राइव्हवर घेतली होती आणि तिची पाच मिनिटं करायची होती. हे काम ताईच्या मुलाने माझ्या गळ्यात मारलेलं, म्हणून फोनही त्यालाच केला.

"मामा, शेवटचं काय बदललंस?"

"काहीच नाही."

"अपडेट? काही डाउनलोड?"

"अरे, काहीच केलं नाही मी. परवा चालत होतं, आज चालत नाही."

पलीकडे दोन सेकंद शांतता. हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा ऐकत असणार, त्याची नोकरीच ती आहे. आपण तरी कुठे वेगळं बोलतो? डॉक्टरांनी "बाहेरचं काही खाल्लं का" विचारल्यावर आजवर कुणी मिसळीचं नाव घेतलेलं नाही, सगळे वरणभातावर आजारी पडतात. मिक्सर कधीही आपण ओला असताना लावलेला नसतो, तो "असाच" जळतो. नळाची चावी आपणहून सुटून हातात येते.

भाच्याने मग यादी दिली. ऑल्ट दाबून धरून उघड, म्हणजे सेटिंग्ज मूळपदावर येतील. दाबून धरलं, बोट दुखेपर्यंत. कॅशचं फोल्डर रिकामं कर. ते ॲपडेटा नावाच्या फोल्डरात असतं आणि ते फोल्डर मुळात लपवलेलं असतं. माळ्यावरच्या ट्रंकेत काय निघेल त्या धास्तीने ते उघडलं. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा घाल. अर्ध्या जीबीहून मोठा निघाला, उतरेपर्यंत चहा झाला. प्लगइन सगळे बाजूला काढ. काढले. चौकट येई आणि जाई.

मला या चौकटीकडे बघत बसायची जुनी खोड आहे. लोक सॉफ्टवेअर उघडेपर्यंत मोबाइल बघतात, मी त्या चौकटीतलं सगळं वाचतो. फोटोशॉपमध्ये तर ते बनवणाऱ्यांची नावं यायची, आणि त्यांतलं सीतारामन नारायणन हे नाव वाचल्याशिवाय मला काम सुरू झाल्यासारखं वाटत नसे. सत्यनारायणाच्या पूजेत आधी गणपतीला सुपारी मांडावी तसं. जगभरात अनेकांना हे नाव असंच पाठ होतं, हे खूप नंतर कळलं आणि जरा वाईट वाटलं. मला वाटायचं ते फक्त माझं आहे.

असो. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक वही असते, ती भाच्याने उघडायला लावली. तिथे प्रत्येक मरणाची नोंद तारीखवार. आमच्या सॉफ्टवेअरच्या सतरा नोंदी होत्या आणि प्रत्येकीसमोर एकच आकडा: सी, मग सहा शून्यं, मग पाच. याचा अर्थ, प्रोग्रॅमने मेमरीतल्या अशा जागी हात घातला जिथे त्याला मुभा नव्हती. दुसऱ्याच्या वईत, म्हणजे कुंपणात, पाय टाकला, असं आमच्याकडे म्हणतील. का टाकला, ते वहीत लिहिलेलं नसतं.

"मामा, मामीच्या लॉगिनने उघडून बघ."

उघडलं. एका झटक्यात! टाइमलाइन, खिडक्या, सगळं जागच्या जागी. म्हणजे मशीन तेच, सॉफ्टवेअर तेच, फक्त माझ्या नावाने चालत नाही. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग माझ्या नावावरच करून टाक की." वाक्य साधंच होतं, पण तिने ते दोनदा म्हटलं.

शेवटी एक युक्ती सुचली, तिचं श्रेय मात्र मी घेणार. मोबाइल स्लो मोशनवर लावला, स्क्रीनसमोर धरला आणि चौकटीचंच शूटिंग केलं. मग ते बोटाने पुढेमागे सरकवत बघितलं. जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते आरामात चालत आलं. एकेक ओळ, एकेक फाइल. शेवटच्या ओळीत एकच ओळखीचा शब्द होता, फॉन्ट.

तेव्हा आठवलं. आदल्या रात्री साडेअकराला मी फॉन्ट घातले होते. दोनचार नाहीत, जुन्या डीटीपीच्या काळातली एक अख्खी सीडी. सहाशेच्या वर. माझ्या लॉगिनमध्ये, म्हणूनच तर हिच्याकडे चालत होतं.

का घातले, तर कॅसेटवरच्या त्या पाटीसाठी. कॅसेट सुरू होते तेव्हा गुलाबाच्या पाकळ्या पडतात, आणि त्यांतून "शुभविवाह" ही अक्षरं गरगर फिरत येऊन थांबतात. 'भ'च्या गाठीत सोनेरी चमक. आजच्या युनिकोड फॉन्टांत ते येत नाही. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींचा 'मंगल' आला आणि संगणकावरच्या मराठीचे हाल थांबले, हे मान्य. पण 'मंगल'मध्ये शुभविवाह लिहिलं की ते तहसीलदाराने मंजूर केल्यासारखं दिसतं. जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेली मराठी मंडळी. फॉन्ट काढून घेतला की ताईचं नाव म्हणजे एक डॉलर, एक प्रश्नचिन्ह आणि डोक्यावर दोन टिंबं असलेला ए. त्यातलीच एखादी फाइल सीडीवर पडून नासली असणार. सॉफ्टवेअर उघडताना एकेक फॉन्ट हातात घेऊन बघतं, आणि नेमकं तिथे ठेचकाळत होतं.

ही कॅसेट मी पहिल्यांदा पाहिली, किंवा पाहायची राहिली, ती १९९४च्या ऑगस्टात. लग्न मे महिन्यातलं, पण कॅसेट "मिक्सिंगला" गेली होती, आणि मिक्सिंगला गेलेलं काहीही पावसाळ्याआधी परत येत नसे. राजापूरहून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने मागवला. दुपारच्या एसटीने दुकानातला पोरगा तो घेऊन आला. हिरव्या रेक्झिनची पिशवी, तिची चेन अर्धवट तुटलेली. पोरगा सोळाएक वर्षांचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो पाय धुवायला मागे गेला तेव्हा काका मला म्हणाले, "पिशवी माजघरात नेऊन ठेव. उचलून ने, फरपटवू नको."

मी उचलली. पडवीपर्यंत आलो आणि अंगणात कुर्ली दिसली. केवढी! एक चिमटा वर धरून तिरकी चाललेली. पिशवी पडवीच्या कडेला टेकवली आणि धावलो. कुर्ली गडग्याच्या फटीत गेली. काठीने टोकून टोकून ती काही बाहेर आली नाही. परत आलो तेव्हा पागोळ्या वाऱ्याने आत वळल्या होत्या आणि पिशवीवर पडत होत्या. चेनच्या उघड्या जागेतून. मी सदऱ्याने पिशवी पुसली, माजघरात नेऊन ठेवली आणि बाजूला जाऊन दुसरा सदरा घातला.

संध्याकाळी तीस-पस्तीस माणसं जमली. वरच्या वाडीतली, खालच्या वाडीतली, ताईच्या सासरचे चौघे. व्हीसीआर लावला तर त्याच्या काचेवर फक्त "ड्यू" ही अक्षरं उघडझाप करत राहिली. आत ओल आहे, अशी ती खूण. ओल असली तर टेप फिरत्या हेडला चिकटून तुटेल म्हणून यंत्र आपणहून चालायचं नाकारतं. पोरग्याने वरचं झाकण काढलं, शंभरचा दिवा वायरने खाली सोडला आणि त्याच्याखाली यंत्र ठेवून पुठ्ठ्याने वारा घालत बसला. साडेआठ वाजले, नऊ वाजले. मग लाइटच गेली.

"वाटेत भिजवलंस ना?" काकांनी विचारलं.

"नाही हो. एसटीत मांडीवर होता. मी काहीच केलं नाही."

मग काका माझ्याकडे वळले. "तू रे? नीट ठेवलेलीस?"

"हो," मी म्हटलं. "मी पण काहीच नाही केलं."

सकाळच्या एसटीला तो गेला तेव्हा काकांनी त्याला भाडं दिलं नाही. चाललंच नाही तर पैसे कसले, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. दुकानात त्याला काय ऐकावं लागलं असेल ते मला माहीत नाही. पिशवी खांद्याला लावताना त्याने तिच्या तुटक्या चेनवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "कुर्ली गावली का?"

सहाशे फॉन्ट काढायला वीस मिनिटं लागली. डबल क्लिक केलं, चौकट आली, अक्षरं सरसर पळाली, आणि सॉफ्टवेअर उघडलं. "शुभविवाह" 'मंगल'मध्येच टाकलं.

रात्री भाच्याचा फोन. "झालं का रे सुरू? काय होतं नक्की?"

"काय माहीत," मी म्हटलं. "आपोआपच झालं."