पद्मिनीचा पुढचा डावा ब्रेक: होज कापून बघितला

पुढचा डावा ब्रेक धरून राहतो म्हणून गेल्या खेपेला व्हील सिलेंडरचं (चाकातला, तेलाच्या दाबानं ब्रेक दाबणारा भाग) किट बदललं आणि 'काम झालं' म्हणून मोकळा झालो होतो. झालं नव्हतं. कात्रजपर्यंत जाऊन आलो तर १९८४ ची आमची प्रीमियर पद्मिनी गाडी पुन्हा डावीकडे ओढायला लागली. घरापाशी डाव्या ड्रमवर (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं) पाण्याचे चार थेंब टाकले. तव्यावर टाकावेत तसे चर्रर्र करून उडाले. उजव्या ड्रमला मात्र हात लावता येत होता.

गंमत म्हणजे सकाळी तेच चाक हातानं गरगर फिरतं! गंजलेला पिस्टन किंवा तुटलेली स्प्रिंग असती तर रात्रभरात आपोआप सुटली नसती. तेव्हा या वेळी ड्रम न उघडता आधी दाब कुठे अडकतोय ते बघायचं ठरवलं.

पुढची बाजू जॅकवर उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवली. मुलाला सीटवर बसवून पाच-सहा वेळा पेडल दाबून सोडायला लावलं. डावं चाक जाम. मग चॅसीपाशी जिथे लोखंडी पाइप होजला (चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळीला) जोडतो, तो नट अर्धा फेरा सैल केला. दोन थेंब तेल आलं, पण चाक जिथल्या तिथे. म्हणजे मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलणारा) या गुन्ह्यातून सुटला. नट आवळला आणि चाकापाशी ब्लीडर निपल (तेल-हवा बाहेर सोडायचा स्क्रू) उघडला. तेलाची पिचकारी उडाली आणि चाक लगेच मोकळं! दाब होजच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे. मधे उरतो तो होज.

काढलेला होज ब्लेडनं उभा चिरला. बाहेरून तो धडधाकट दिसतो, एक भेग नाही. आत मात्र रबर फुगून भोक इतकं बारीक झालंय की टाचणी कशीबशी जाते. पाय दाबला की जोर इतका असतो की तेल त्यातूनही पुढे घुसतं. परत ढकलायला मात्र फक्त ब्रेक शूच्या (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांच्या) स्प्रिंगा, त्यांचा जोर तो किती? म्हणून तेल थेंबाथेंबानं येतं आणि सकाळपर्यंत चाक सुटतं. व्हील सिलेंडरचं किट मी उगाच बदललं. पैसे गेलेच, वर रविवारही गेला.

दोन्ही पुढचे होज नवे टाकले, तांब्याचे वॉशरही नवे. डॉट ३ दर्जाचं ब्रेक तेल भरून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली. शेवटी ड्रमही उघडला आणि आतला काळा भुगा ओल्या फडक्यानं पुसला. त्यावर हवेचा पाइप मारू नका, ब्रेक शूच्या जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

पुन्हा १५ किलोमीटर. गाडी सरळ चालते, डावा-उजवा ड्रम सारखेच. पण आता चारही कोमट, आणि पेडल वरच्या वर कडक! चारही चाकं एकदम धरतात तेव्हा चोर मास्टरपाशी शोधायचा. पिस्टन पूर्ण मागे आला तरच त्यातलं बारीक भोक उघडतं आणि तापून फुगलेलं तेल ब्रेक तेलाच्या टाकीत परत जातं. पेडलला प्लेच (जोर लागण्याआधीची मोकळी हालचाल) नसेल तर भोक झाकलेलं राहतं, आणि गाडी जितकी चालेल तितके ब्रेक धरत जातात.

बोटानं पेडल दाबून पाहिलं तर प्ले शून्य. मागच्या महिन्यात 'पेडल खाली जातंय' म्हणून पुशरॉड (पेडलपासून मास्टरच्या पिस्टनला ढकलणारी दांडी) मीच वाढवला होता! फिटरला शिव्या घालायची सोय नाही. लॉकनट सोडून रॉड कमी केला, आता पिस्टनला टेकण्याआधी पेडल जरासं मोकळं हलतं.

आज संध्याकाळी परत त्याच रस्त्यानं आलो, चारही ड्रमवर तळहात ठेवता आला. मागच्या अ‍ॅक्सलचा होज अजून जुनाच आहे. तो फुगला तर मागची दोन्ही चाकं एकदम धरतील. नवा आणून ठेवलाय, पण त्याचा नट गंजून बसलाय. सध्या त्यावर डिझेल सोडून ठेवलंय.