किंडर स्काउट : हिवाळ्यातील एक वर्तुळाकार पदभ्रमण

इंग्लंडमधील पीक डिस्ट्रिक्टचे सर्वोच्च ठिकाण असलेले किंडर स्काउट समुद्रसपाटीपासून अवघे ६३६ मीटर उंच, म्हणजे जवळपास लोणावळ्याएवढे आहे. सह्याद्रीत डोंगर पालथे घातलेल्या भटक्याला हा आकडा वाचून हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु हिवाळ्यात येथे कस लागतो तो उंचीने नव्हे, तर वारा, धुके आणि माथ्यावर नसलेल्या खाणाखुणांनी. किंडरला शिखर असे नाहीच. वर आहे ते एक विस्तीर्ण, काळपट पठार, ज्यावर हेदरची झुडपे आणि हजारो वर्षे अर्धवट कुजत राहिलेल्या वनस्पतींचा पीट नावाचा थर पसरलेला असून पाण्याने त्यात माणसाच्या उंचीएवढ्या घळी कोरल्या आहेत. एका घळीतून वर येऊन पाहावे तर पुढे तशीच दुसरी घळ असते. म्हणूनच पठाराच्या आत न शिरता दक्षिणेकडील कड्याने जाणारी सुमारे १३ किलोमीटरची वर्तुळाकार वाट आम्ही जानेवारीत निवडली, आणि हिवाळ्यात प्रथमच जाणाऱ्यांनीही तीच निवडावी असे माझे मत आहे.

मँचेस्टर आणि शेफील्ड यांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावरील ईडेल हे स्थानक या वाटेचा आरंभ आहे. स्थानकापासून गावातून चालत गेल्यावर ओल्ड नॅग्ज हेड नावाचा जुना पब लागतो आणि तेथूनच ‘पेनाइन वे’ हा १९६५ साली खुला झालेला, थेट स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे पोहोचणारा ४३१ किलोमीटरचा पदमार्ग सुरू होतो. आरंभी हाच मार्ग धरून शेतांमधून पश्चिमेला अप्पर बूथ वस्तीपर्यंत जायचे. कुरणांत मेंढ्या असतात, म्हणून प्रत्येक फाटक ओलांडल्यावर न विसरता लावून घ्यावे.

वर्तुळ घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच का करावे, याला ठोस कारण आहे. या भागात वारा बहुतेक वेळा पश्चिम किंवा नैर्ऋत्य दिशेने येतो. दरीतून पश्चिमेला जाताना तो तोंडावर येत असला तरी तेथे थोडाफार आडोसा मिळतो, आणि उघड्या कड्यावरून पूर्वेला परतताना तो पाठीशी राहतो. उलट दिशेने गेल्यास कड्यावरचे सगळे अंतर गारांचा मारा चेहऱ्यावर झेलत कापावे लागते. अर्थात वारा पूर्वेचा असेल तर हे गणित बदलते, म्हणून डोंगरांसाठी स्वतंत्रपणे दिला जाणारा हवामानाचा अंदाज आदल्या संध्याकाळी पाहावा आणि त्यात तापमानाआधी वाऱ्याचा वेग वाचावा.

अप्पर बूथनंतर एक लहान दगडी पूल ओलांडला की जेकब्ज लॅडर हा पायऱ्यांचा खडा चढ येतो. अठराव्या शतकात येथे राहणाऱ्या जेकब मार्शल नावाच्या शेतकऱ्याने स्वतःला लवकर वर जाता यावे म्हणून या पायऱ्या खोदल्या आणि सामान लादलेली तट्टे शेजारच्या वळणावळणाच्या वाटेने चढत, असे सांगतात. पायऱ्यांवर बर्फ गोठलेला असेल तर आजही तट्टांचीच वाट बरी. आम्ही तिनेच गेलो.

चढ संपल्यावर वारा एकदम अंगावर येतो, त्यामुळे जाड थर आणि हातमोजे त्याआधीच, आडोशाला घालावेत. येथून कड्याची वाट नो स्टूल, पिम चेअर, वूलपॅक्स आणि क्राउडन टॉवर या खडकांजवळून जाते. वाऱ्यापावसाने झिजलेल्या वालुकाश्माच्या त्या आकृत्या धुक्यात अचानक पुढ्यात उभ्या राहतात आणि नकाशाशी ताडून पाहण्यास फार उपयोगी पडतात. वूलपॅक्सच्या शिळांच्या गर्दीत मात्र पायवाटा फुटतात. तेथे दरी सतत उजव्या हाताला ठेवावी आणि डावीकडे पठारात ओढणाऱ्या कोणत्याही वाटेला भुलू नये. पीटवर पातळ बर्फाची साय असेल तर पाय गुडघ्यापर्यंत रुततो, म्हणून जेथे फरशा घातल्या आहेत तेथे त्यांवरूनच चालावे. त्याने केवळ बूट वाचत नाहीत. औद्योगिक शहरांच्या धुराने आणि चराईने उजाड झालेले हे पठार ओढ्यांना लहान बांध घालून आणि स्फॅग्नम शेवाळ लावून पुन्हा जिवंत करण्याचे काम येथे चालू आहे, आणि कडेकडेने पडणारी पावले ते बिघडवतात. हिवाळ्यात पांढरे होणारे डोंगरी ससे इंग्लंडमध्ये याच परिसरात आढळतात. बर्फ नसेल तेव्हा ते काळ्या मातीवर लांबूनही नजरेत भरतात.

या माळावर मुक्तपणे फिरता येते, हेही सहज घडलेले नाही. शिकारीसाठी राखलेल्या या जमिनीवर २४ एप्रिल १९३२ रोजी पश्चिमेकडील हेफील्डहून शेकडो तरुण बंदी मोडून चढले आणि त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास झाला.

क्राउडन टॉवरनंतर ओढा ओलांडायचा असतो. दगड गोठलेले असल्यास घाई न करता थोडे वर जाऊन अरुंद जागा शोधावी. पुढे ग्राइंड्सलो नोल या ६०१ मीटरच्या टेकडीवरून गवताळ उतार थेट ईडेलला जातो. जवळचीच ग्राइंड्सब्रुक घळ उन्हाळ्यात अधिक सुंदर असली तरी तिचा वरचा टप्पा मोठमोठ्या दगडांतून ओढ्यालगत उतरतो, त्यामुळे बर्फात मी ती कोणालाही सुचवणार नाही.

साहित्यात ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशासंस्थेचा ‘डार्क पीक’ हा १:२५,००० प्रमाणाचा कागदी नकाशा, होकायंत्र, डोक्याचा दिवा, शिटी आणि बुटांवर चढवायचे काटे असावेत. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून तो आतल्या खिशात ठेवावा. संकट आल्यास ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकावर आधी पोलीस आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ म्हणजे डोंगरातील बचाव पथक मागावे. शिटीचा संकेत म्हणजे मिनिटभरात सहा फुंका, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच. जानेवारीत सूर्य चारच्या सुमारास मावळतो. विश्रांतीसह पाच ते सहा तास धरून सकाळी नऊपर्यंत चालू लागावे आणि दुपारी एकपर्यंत क्राउडन टॉवर गाठता येणार नाही असे दिसल्यास आल्या वाटेने परतावे. ईडेलला थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत. परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्याव्यात, कारण दरीत फोनला रेंज मिळेलच असे नाही.