सम काढून टाकल्यावर

लंडनला नृत्याचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्हाला तीन मिनिटांची रचना करून आणायला सांगितली होती. संगीत नाही, वेशभूषा नाही, विषय ज्याचा त्याने निवडायचा. मी तोवर एकोणीस वर्षे कथक शिकले होते, अलंकारची परीक्षा देऊन झाली होती आणि पुण्यात सहा वर्षे स्वतःचे वर्ग घेत होते. त्यामुळे लंडनच्या त्या बसमध्ये बसूनच मी हिशेब केला की मध्य लयीत तीन मिनिटांत सोळा मात्रांच्या तीनतालाची किती आवर्तने, म्हणजे फेऱ्या, बसतील. रचना दाखवून झाल्यावर शिक्षिकेने एवढेच विचारले, "तुझे प्रत्येक वाक्य संपलेच पाहिजे का?" मला प्रश्न कळला नाही. तेव्हा तिने हातातली वही पुढे केली. मी जिथे जिथे येऊन थांबले होते तिथे तिने एकेक रेघ ओढली होती. अकरा रेघा होत्या आणि संगीत नसतानाही मी अकराही वेळा समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आले होते. पुढच्या आठवड्यासाठी काम मिळाले ते असे की रचना हीच ठेवायची, फक्त सम काढून टाकायची.

समकालीन नृत्याचे अध्यापन आणि नृत्यरचना या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेताना नेमके काय शिकवतात, असे मला पुष्कळजण विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. (शुल्क आणि शिष्यवृत्ती यांविषयी विचारणाऱ्यांना एवढेच सांगते की माझे शैक्षणिक कर्ज अजून फिटलेले नाही.) अभ्यासक्रम एका वर्षाचा, १८० क्रेडिटचा होता. तिकडच्या पद्धतीनुसार एका क्रेडिटमागे दहा तासांचे काम धरतात, म्हणजे कागदोपत्री एकूण १,८०० तास होतात. त्यातले निम्म्याहून अधिक तास कोणी काही शिकवत नाही; रिकाम्या स्टुडिओत आपण आणि आपले अज्ञान एवढेच असते. वर्गात येऊन बसले की माझ्या गुरू, म्हणजे ताई, तोडा (छोटी बांधलेली रचना) देतात, तो पाठ करायचा, त्याची पढंत करायची, म्हणजे बोल तोंडाने म्हणायचे, आणि मग पायांत उतरवायचा, या शिस्तीत वाढलेल्या मला ते रिकामपण पहिले दोन महिने अक्षरशः खायला उठत असे.

रचना शिकवता येते की नाही, हा त्या सगळ्या वर्षाचा खरा प्रश्न होता. आपल्याकडे बंदिश, म्हणजे आधीच बांधलेली रचना, मिळते. तुकडा, परण, चक्रदार हे सारे कोणाचे तरी असते आणि तुमच्यापर्यंत हातोहात आलेले असते. स्वतः बांधण्याची वेळ आलीच तर ती दहा-पंधरा वर्षांनी, गुरूंना वाटले तर येते. उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचलेले, असते, पण ती तालाच्या भक्कम घरात राहून करायची असते. याउलट तिकडे रचनेचा वर्ग पहिल्या दिवसापासून असतो, आणि त्या वर्गाचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. न्यूयॉर्कमध्ये १९६० साली नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या स्टुडिओत रचनेचा जो वर्ग सुरू झाला, तो घेणारे रॉबर्ट डन हे नर्तक नव्हते, संगीतकार होते. संगीतकार जॉन केज यांच्याकडे शिकलेली संगीतरचनेची तत्त्वे त्यांनी नर्तकांपुढे कोडी घालावीत तशी ठेवली. फासे टाकून क्रम ठरवा, वेळेची मर्यादा घाला, नियम आधी लिहा आणि हालचाल नंतर शोधा, अशा प्रकारची ती कामे होती. त्या वर्गातल्या मंडळींनी ६ जुलै १९६२ रोजी जडसन मेमोरियल चर्चमध्ये आपले काम लोकांपुढे ठेवले आणि तिथून अमेरिकी नृत्याची एक वेगळी वाट सुरू झाली. डन बरे-वाईट ठरवत नसत. तू हे कसे केलेस, एवढेच विचारत, असे आम्हाला सांगण्यात आले. मला मात्र राहून राहून वाटत होते की तालाच्या गणितातून नृत्य घडवणे ही गोष्ट कथकवाल्याला कोणी नव्याने सांगायला नको. नवे होते ते एवढेच की गणित स्वतः मांडायचे आणि उत्तर आवडले नाही तर गणितच बदलायचे.

अध्यापनाच्या बाजूला सगळ्यात जास्त वेळ गेला तो हालचालींचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांच्याबरोबर. त्यांचा जन्म १८७९चा, आजच्या ब्रातिस्लाव्हातला. हालचाल कागदावर उतरवण्याची त्यांची लिपी १९२८मध्ये प्रसिद्ध झाली. नाझी राजवटीत त्यांनी अधिकाराची पदे भूषवली, ही गोष्ट वर्गात कोणी झाकून ठेवली नाही. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी त्यांनी बसवलेले मोठे समूहनृत्य नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने रंगीत तालीम पाहून रद्द केले, त्यानंतर त्यांचे दिवस फिरले आणि १९३८मध्ये ते इंग्लंडमध्ये डार्टिंग्टन हॉल या कला आणि शिक्षणाच्या केंद्रात पोहोचले. युद्धकाळात इंग्लंडमधल्या कारखान्यांत कामगारांच्या हालचालींचे निरीक्षण करता करता त्यांनी श्रमाचे जे विश्लेषण मांडले, तेच पुढे नृत्यशिक्षणाच्या कामी आले.

ते विश्लेषण ऐकायला अगदी साधे आहे. हालचाल जड असते किंवा हलकी, सरळ असते किंवा वळणावळणाची, झटक्याची असते किंवा सावकाश. या तीन जोड्यांतून आठ मूळ क्रिया निघतात: ठोसा मारणे, सपकारणे, दाबणे, पिळणे, टिपणे, झटकणे, सरकत जाणे आणि तरंगणे. चौथा घटक प्रवाहाचा, तो या सगळ्यांतून वाहतो. मी वहीत ही यादी मराठीत लिहून काढली तेव्हा माझ्या लक्षात आले की यातल्या बहुतेक क्रिया आमच्या घरी मोरीपासून गच्चीपर्यंत कपडे धुऊन वाळत घालताना रोज होतात. मग मी तत्कार, म्हणजे कथकमधले पायांचे मूळ काम, घेऊन बसले. पाय जमिनीवर पडतो ती क्रिया जड, सरळ आणि झटक्याची, म्हणजे सरळ सरळ ठोसा, असे मी उत्साहाने लिहिले. पण स्टुडिओत द्रुत लयीत करून पाहिले तेव्हा ते खोटे निघाले. लय चढते तसे वजन वर उचलले जाते, आणि चांगल्या तत्कारात पाय जमिनीला ठोसत नाही, टिपतो. "आपटू नकोस, जमिनीला नुसतं सांग," असे ताई पंधरा वर्षे ओरडत होत्या, त्याचा अर्थ मला लंडनच्या डेप्टफर्डला, लाबान यांचे नाव असलेल्या वास्तूच्या ग्रंथालयात बसून कळावा, याचे हसूही आले आणि थोडी लाजही वाटली.

लिपीचे मात्र माझ्याशी फारसे जमले नाही. उभ्या तीन रेघा असतात, खालून वर वाचत जायचे. मधल्या रेघेच्या डावी-उजवीकडे शरीराची डावी-उजवी बाजू, चिन्हाचा आकार दिशा सांगतो, लांबी काळ सांगते आणि काळे, ठिपक्याचे किंवा रेघारेघांचे भरण पातळी सांगते. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, एवढे आठ मात्रांचे पायांचे काम मी तिच्यात उतरवले तर एक अख्खी दुपार गेली, आणि हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली, अजून लिहायचे शिल्लक होते. तेच मी तोंडाने पाच सेकंदांत म्हणून दाखवले तेव्हा वर्गातला एक ब्राझीलचा मुलगा म्हणाला की तुमची लिपी तर तुमच्या तोंडातच आहे. गोष्ट अर्धी खरी आहे. बोलांतून लय कळते, वजन कळते, पण हात कुठे होते ते कळत नाही, आणि म्हणूनच गुरू गेले की अर्धी रचनाही त्यांच्याबरोबर जाते.

माझ्या अंतिम प्रकल्पाचा विषय मला याच डार्टिंग्टनने दिला. तिथल्या एल्महर्स्ट दांपत्याच्या मदतीमुळे नर्तक उदय शंकर यांचे अल्मोड्याचे संस्कृती केंद्र १९४०च्या सुमारास उभे राहू शकले. ते जेमतेम चारेक वर्षे चालले आणि १९४४मध्ये बंद पडले. त्या केंद्रात शिकवणाऱ्या झोहरा सेहगल या त्याआधी ड्रेस्डेनला जर्मन नर्तकी मेरी विगमन यांच्या शाळेत तीन वर्षे शिकून आल्या होत्या, आणि विगमन या लाबान यांच्या शिष्या. म्हणजे जे शिकायला मी कर्ज काढून लंडनला आले होते, त्याची एक शाखा ऐंशी वर्षांपूर्वीच कुमाऊंच्या डोंगरात येऊन गेली होती. तिथे कथकली, भरतनाट्यम आणि मणिपुरी यांचे गुरू होते, आणि त्यांच्या शिक्षणाबरोबरच साध्या चालण्याचा आणि आयत्या वेळी रचना करण्याचा वर्गही होता. त्या वर्गातला एक विद्यार्थी १९४४मध्ये पुण्यात प्रभात फिल्म कंपनीत आला; पुढे तो गुरुदत्त या नावाने ओळखला गेला. त्यांच्या चित्रपटांतल्या गाण्यांत माणसे ज्या तऱ्हेने नुसती चालतात, ती पाहताना मला आता अल्मोडा आठवतो. हे सिद्ध करता येणार नाही, आणि प्रबंधात मी ते लिहिलेही नाही.

पुण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, अमेरिकी नर्तकी इझाडोरा डंकन यांचे आत्मचरित्र आमच्या वाचनयादीत होते आणि वर्गात ते शाळकरी वयात वाचलेली मी एकटीच होते, कारण रोहिणीताई भाटे यांनी ते कधीच मराठीत आणून ठेवले होते. १९४७मध्ये नृत्यभारती स्थापन करणाऱ्या आणि आयुष्यभर कथक करणाऱ्या बाईंना ते भाषांतर करावेसे वाटले, यावर खरे तर कोणीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवे.

एकमेकांच्या कामावर बोलण्याची एक रीत आम्हाला शिकवली गेली. ती अमेरिकन नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९०च्या सुमारास आखली. तिच्या चार पायऱ्या आहेत. आधी पाहणाऱ्याने आपल्याला काय जाणवले, काय लक्षात राहिले ते सांगायचे. मग कलावंताने प्रश्न विचारायचे. मग पाहणाऱ्याने प्रश्न विचारायचे, पण त्या प्रश्नात मत दडलेले चालत नाही. आणि शेवटी, कलावंताची परवानगी घेऊन, मत. तिसरी पायरी सर्वात अवघड. "एवढं लांबवलं का?" हा प्रश्न नसून मत आहे, हे मला चारदा समजावले गेले. ताईंकडे मत एका शब्दात यायचे, "पुन्हा". त्या "पुन्हा"त काय चुकले ते नसायचे, पण मी ते करू शकते हा विश्वास मात्र असायचा. या दोन्हींतले बरे कोणते, असे मला विचाराल तर सुरुवातीची दहा वर्षे ताई आणि पुढे लर्मन, असे मी म्हणेन.

शाळेतला पाठ परीक्षेसाठी सक्तीचा होता. इंग्लंडमध्ये नृत्य शारीरिक शिक्षणाचा भाग म्हणून प्राथमिक वर्गांतही असते, आणि पुढे सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेला ते स्वतंत्र विषय म्हणून घेता येते. त्यात सादरीकरणाला ३० टक्के, स्वतःच्या रचनेला ३० टक्के आणि लेखी परीक्षेला ४० टक्के भार असतो. रचनेला सादरीकरणाइतकेच गुण, हे वाचून मी थबकले, कारण माझ्या परीक्षांच्या तयारीत स्वतःचे काही बांधण्यावर कधी भर दिला गेला नव्हता. मला मिळालेला वर्ग नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा होता, पंचेचाळीस मिनिटांचा. मी त्यांना आपले नाव कोपराने हवेत लिहायला सांगितले. पाच मिनिटांत सभागृहभर कोपरे उडू लागली. एक चष्मेवाला मुलगा मात्र जागचा हलला नाही. मी जवळ गेल्यावर त्याने अतिशय गंभीरपणे विचारले, "मिस, हे चुकलं तर मला कसं कळणार?" मला उत्तर सुचले नाही. इथे चूक नसतेच, असे सांगणे सोपे होते, आणि आमच्या पाठ्यपुस्तकी धोरणाला धरूनही होते, पण ते मला स्वतःलाच पटत नव्हते. तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन समेवर येणे, एका मात्रेने चुकली की चुकते, आणि ती चुकते म्हणूनच जमल्याचा आनंद असतो. शेवटी मी त्याला म्हटले, "आधी कर, मग तू आणि मी मिळून ठरवू." त्याने नावाचे पहिले अक्षर तीनदा गिरवले आणि तिन्ही वेळा नाक मुरडले. परीक्षकांनी माझ्या टिपणात याच प्रसंगाखाली रेघ मारली.

आता परत येऊन दीड वर्ष झाले. कोथरूडच्या एका शाळेच्या सभागृहात गुरुवारी संध्याकाळी माझा मोठ्या मुलींचा वर्ग असतो. परीक्षेची तयारी चालूच असते, पण शेवटची वीस मिनिटे मी लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी फिरती धून, लावते आणि प्रत्येकीला एक रिकामे आवर्तन देते. सोळा मात्रा, काय भरायचे ते तिने ठरवायचे. सुरुवातीला सगळ्यांनी आदल्या दिवशी शिकलेला तुकडा त्यात जसाच्या तसा कोंबला. एका मुलीच्या आईने बाहेर चपला घालता घालता विचारले, "ताई, हे परीक्षेला येणार आहे का?" मी नाही म्हणाले. त्यांनी मान डोलावली, त्या मानेचा अर्थ मला लागला नाही, पण पुढच्या गुरुवारी मुलगी वेळेवर आली.

तिने घरी एक तिहाई बांधून आणली होती. वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने आकडे मांडले होते, दोनदा खोडलेले. तिने ती पढंत करून दाखवली, मग नाचून दाखवली, आणि शेवटचा धा सम उलटून गेल्यावर बरोबर एका मात्रेने पडला. बाकीच्या मुली हसल्या. मी तिला सांगितले की सम टळल्यावर मुद्दाम येणाऱ्याला आपल्याकडे अतीत असे नाव आहे, आणि विचारले की तुझे हे अतीत आहे की हिशेब चुकला? ती वहीतल्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा ना."

मी लेहरा पुन्हा सुरू केला आणि तिला म्हटले, "अजून एकदा कर."