तुम्ही विचारलंत म्हणून: पॅच मारलेली लायब्ररी अडली तर

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक पट्ट्यात मशीनचा डेटा सर्व्हरवर आणणारी मुलंमुली मला हमखास विचारतात, "सर, आरपायसीला आधीच्या माणसाने पॅच मारलाय, म्हणजे तिच्या कोडमध्ये हाताने बदल केलाय. आता कॉल मध्येच तुटतो. सुरुवात कुठून करू?" आरपायसी (RPyC) म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन आपल्याच कोडमधल्यासारखं बोलावू देणारी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच.

पॅच वाचण्यापासून नको. चालू प्रोसेसने नक्की कोणती फाइल उचलली आहे, ते आधी बघा. टर्मिनलवरचं पायथन एक असतं आणि सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) सुरू करणारं दुसरंच निघतं. म्हणून सर्व्हिसच्याच कोडमधून आरपायसीच्या मॉड्यूलचा पाथ, म्हणजे फाइल कुठे आहे तो पत्ता, लॉगमध्ये छापा, तोही दोन्ही टोकांना. पॅच पुष्कळदा मशीनशेजारच्या पीसीवर पोचलेला असतो, सर्व्हरवर नाही.

सर्व्हरवर एरर आली की आरपायसी तिकडचा ट्रेसबॅकही (एरर कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीत आली त्याची यादी) क्लायंटकडे, म्हणजे कॉल करणाऱ्या टोकाकडे पाठवते. लोक त्याची शेवटची ओळ वाचून सोडून देतात. मी पाथ वाचतो, मग त्याखाली छापलेली कोडची ओळ. कधी तिथे नुसती कॉमेंट (न चालणारी टीप) असते, जिच्यात एरर येणं शक्यच नाही! ही खूण सापडली की माझा जीव भांड्यात पडतो. ओळीचा नंबर मेमरीतल्या जुन्या कोडचा असतो, पण मजकूर छापायला पायथन डिस्कवरची आत्ताची फाइल उघडतं. म्हणजे फाइल बदलली, पण सर्व्हिस रिस्टार्ट केलीच नाही. पायकॅश, म्हणजे पायथनने साठवलेल्या कंपाइल केलेल्या फाइली, पुसत बसायची सहसा गरज नसते. इम्पोर्टच्या वेळी पायथन मूळ फाइलची वेळ आणि आकार ताडून बघतंच.

कॉल बरोबर ३० सेकंदांनी तुटतोय? तो आरपायसीचा ठरलेला टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मर्यादा. कुणीतरी साइट-पॅकेजेसमध्ये (इन्स्टॉल झालेल्या लायब्ररींच्या फोल्डरमध्ये) शिरून तो आकडा वाढवलेला असतो आणि पिपच्या (पायथनच्या लायब्ररी इन्स्टॉल करणाऱ्या साधनाच्या) पुढच्या अपग्रेडमध्ये तो बदल पुसला जातो. याला पॅच लागतच नाही. कनेक्ट करतानाच कॉन्फिगमध्ये 'सिंक रिक्वेस्ट टाइमआउट' देता येतो. पण आधीच्या माणसाला नावं ठेवू नका. लाइन थांबलेली असताना हाताला लागेल ती फाइल उघडली जाते.

पॅच खरंच हवा असेल तर लायब्ररीचा फोर्क, म्हणजे आपली वेगळी प्रत, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा, आवृत्तीच्या आकड्यानंतर अधिकचं चिन्ह देऊन आपली खूण जोडा आणि दोन्ही टोकांना पिपनेच इन्स्टॉल करा. ती खूण 'पिप लिस्ट' या कमांडने छापलेल्या यादीत दिसते. रात्रपाळीचा फोन आला, तर समोरच्याला तेवढी एक ओळ वाचून दाखवायला सांगता येतं.