कोर्स अर्ध्यावर का सोडला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नणंदेनं विचारलं, भिशीतल्या बायकांनी विचारलं, औषधाच्या दुकानातल्या मुलानंही विचारलं, "काकू, टीबीचा कोर्स कुणी अर्ध्यावर सोडतं का?"

टीबी नाही हो. जंतू त्याच कुळातला, पण वेगळा. डॉक्टर त्याला मॅक म्हणतात. तो मातीत, नळाच्या पाण्यात असतो, माझ्याकडून तुम्हाला लागत नाही. माझी कपबशी वेगळी ठेवू नका. थुंकी तपासताना तो टीबीसारखाच दिसतो, म्हणून पहिले पाच महिने मलाही टीबीच्याच गोळ्या दिल्या होत्या. टीबीचा जंतू ओळखणारी सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह असूनसुद्धा.

मग योग्य औषधं सुरू झाली. अझिथ्रोमायसिन, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल. थुंकीचं कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतो का ती तपासणी, निगेटिव्ह आलं की त्यापुढे १२ महिने घ्यायची.

चौथ्या महिन्यात एक बाई पैठणी घेऊन आल्या. बॉटल ग्रीन. दुसऱ्या दिवशी मुलीचा साखरपुडा. मी २२ वर्षं फॉल-पिको करते, फॉल निवडायला मला कधी विचार करावा लागला नव्हता. संध्याकाळी त्यांनी साडी उलगडली आणि गप्पच झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, हा तपकिरी आहे." मी म्हटलं, ट्यूबच्या उजेडात तसं वाटतं. साडी घेऊन दारात गेले, अजून ऊन होतं. फॉल आणि साडी मला एकसारखीच दिसत होती. शेवटी त्यांनीच डब्यातून हिरवा फॉल काढून माझ्या हातात दिला. मी उसवून तो लावला. रंग दिसत होता म्हणून नव्हे, त्या हिरवा म्हणाल्या म्हणून.

खरं सांगायचं तर तीन आठवड्यांपूर्वीच मला रंग फिके वाटायला लागले होते. असं झालं तर इथॅम्ब्युटॉलची गोळी बंद करून त्याच दिवशी या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी बोलले नाही. खोकला कमी झाला होता, वजन दोन किलो वाढलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रंग ओळखता येतात का ते बघायचं ठिपक्यांचं पुस्तक असतं, ठिपक्यांत आकडे लपलेले. त्यातला पहिला १२ मी वाचला. तो सगळ्यांनाच दिसतो म्हणे. पुढची पानं नुसते ठिपके.

इथॅम्ब्युटॉल बंद झालं. बाकीच्या दोन का चालू ठेवल्या नाहीत, हेही विचारता. इथॅम्ब्युटॉलसारख्या भक्कम जोडीशिवाय अझिथ्रोमायसिन घेतलं तर जंतू त्यालाच दाद देईनासा होतो. मग पुढे फारसं काही उरत नाही. म्हणून सगळंच थांबवलं. आज रंग परत आलेत, बरेचसे. रात्री मरून आणि तपकिरी मी अजून लेकीला विचारून घेते.

आता अमिकासिनची इंजेक्शनं आणि क्लोफाझिमीन सुचवलंय. एकानं कान जाऊ शकतात, दुसऱ्यानं कातडी काळवंडते. काळवंडण्याची मला भीती वाटते, वाटायला नको हे कळतं, तरी वाटते. नाहीतर थांबायचं. रोज सकाळी सलाइनची वाफ, कफ काढायचा, वजन बघायचं, ठरल्या वेळी सीटी. मागच्या सीटीत उजव्या फुफ्फुसातला डाग थोडा वाढलाय, हेही तुमच्यापासून लपवत नाही. कोर्स सोडायला नको होता, हे नणंदेचंच बरोबर असेल कदाचित.

पहिल्या भेटीत मीच डॉक्टरांना म्हटलं होतं, डोळे गेले तरी चालतील, हा खोकला थांबवा. तेव्हाही ते मनापासूनच म्हटलं होतं. पण तेव्हा मी दारात ती पैठणी धरून उभी राहिले नव्हते. आणि हेही खरं, की तेव्हा मी रात्रभर बसून खोकत होते, आता तशी खोकत नाही.

सोमवारी पुन्हा थुंकी दिली आहे. कल्चरला सहा आठवडे लागतील. तोपर्यंत कृपा करून विचारू नका.