पान ८४ वरचा भागाकार

"मॅडम, हे पुस्तक पुढं कुणाला देऊ नका." देवघेवीच्या टेबलावर पुस्तक ठेवत तात्या म्हणाले. पान ८४ ला एसटीच्या तिकिटाची खूण होती आणि तक्त्याशेजारी पेन्सिलीनं केलेला एक भागाकार.

ऑक्टोबर छाटणीचे दिवस. आमचं ग्रंथालय सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात, तालुक्याच्या गावी. या दिवसांत डाऊनीच्या, म्हणजे केवडा रोगाच्या, धास्तीनं बागाईतदार पहाटेपासून फवारणीला लागतात आणि आमचं शेतीचं कपाट निम्मं रिकामं असतं. पुस्तक फळझाडांच्या रोगांवरचं, मुखपृष्ठावर 'सातवी आवृत्ती' असं ठळक. पान ८४ वर मथळा 'एक टक्का बोर्डो मिश्रण', म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना यांचं बुरशीनाशक. खाली तक्ता: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लीटर.

एक किलोला दहा लीटर म्हणजे दहा टक्के झाले. एक टक्क्यासाठी पाणी १०० लीटर लागतं. दोन पानं पुढे, ८६ वर, बोर्डो पेस्टच्या तक्त्यात हेच तीन आकडे आहेत आणि तिथे ते बरोबर आहेत, कारण पेस्ट दहा टक्क्यांचीच करतात. ती फवारायची नसते, ब्रशनं बुंध्याला आणि छाटणीच्या जखमांना लावायची. अक्षरजुळणीत एका तक्त्याची ओळ दुसऱ्यात गेली असणार. लेखकाला विषय येत होता, हे बाकीच्या पानांवरून दिसतं. मुद्रितं तपासणाऱ्यानं शुद्धलेखन पाहिलं असेल, भागाकार केला नाही.

तात्यांना कळलं, कारण त्यांचं आयुष्य बागेत गेलं आहे. पण त्यांना पुस्तकाची गरजच नव्हती. ते केवड्याचं चित्र पाहायला घेऊन गेले होते. ज्याच्या दारात लिंबाची चार झाडं आहेत आणि ज्यानं जन्मात मोरचूद हातात धरलेलं नाही, असा माणूस हे पुस्तक गरज म्हणून नेतो आणि पान ८४ वर विश्वास ठेवतो.

योगायोग असा की त्याच दिवशी दुपारी ग्रंथ निवड समितीची बैठक होती. विक्रेत्यानं पसंतीसाठी पाठवलेली ३८ पुस्तकं टेबलावर. बहुतेक सगळी 'कसे करावे' जातीची आणि संदर्भाची: पाककृती, शेती, घरदुरुस्ती, कायदा, कोश. एरवी आम्ही अनुक्रमणिका चाळतो, लेखकाची पदवी पाहतो, किंमत आणि सवलत पाहतो आणि तासाभरात यादीवर खुणा करतो. मी पान ८४ उघडून सगळ्यांसमोर ठेवलं आणि म्हटलं, आज पुस्तक उघडण्याआधी त्याला एक प्रश्न विचारायचा. प्रश्न वहीत लिहायचा, मग पुस्तक हातात घ्यायचं आणि पाच मिनिटांत उत्तर सापडतं का ते बघायचं. आधी लिहायचा अशासाठी की पुस्तक आधी चाळलं, तर त्यात जे आहे तेच आपल्याला हवं होतं असं वाटायला लागतं.

बोर्डोचाच प्रश्न शेतीच्या सहा पुस्तकांना लावला. प्रमाण सहाही पुस्तकांत बरोबर निघालं. फरक पुढे पडला. चांगल्या पुस्तकात असं होतं: मोरचूद प्लॅस्टिकच्या पिंपात ५० लीटर पाण्यात विरघळवा, खडे मोठे असतील तर फडक्यात बांधून पाण्यात लटकत ठेवा. चुना वेगळ्या पिंपात थोड्या पाण्यात फोडा, मग ५० लीटर करा, गाळून घ्या. दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओता आणि ओतताना ढवळत राहा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं वापरू नका. शेवटी लोखंडी चाकूचं पातं किंवा खिळा मिश्रणात बुडवून धरा. तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, ते पानं जाळेल, म्हणून चुन्याची निवळी थोडी थोडी घाला आणि पुन्हा पाहा. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

बाकीच्या पाच पुस्तकांपैकी तिघांत 'दोन्ही द्रावणे एकत्र करावीत' एवढंच. चाकूची परीक्षा दोघांत होती, पण एकानं ती का करायची ते सांगितलं नव्हतं. आणि चुना कळीचाच हवा, हवा लागून भुकटी झालेल्या जुन्या चुन्याची ताकद उतरलेली असते, म्हणून किलोला किलो घालूनही चाकूवर तांबं दिसतं, हे सहातल्या एकाच पुस्तकात होतं. नवख्या माणसाची फसगत नेमकी तिथेच होते. तो प्रमाण पाळतो, तरी पानं करपतात, आणि मग तो म्हणतो पुस्तकं काही खरी नसतात.

बोलता बोलता आम्हाला निकष सापडला तो असा. छापील पुस्तकात चूक राहणारच. ती वाचकाला पकडता यावी, अशी काही सोय पुस्तकात आहे का? पान ८४ वर मथळ्यात 'एक टक्का' होतं म्हणूनच तात्यांना विसंगती दिसली. मथळा नुसता 'बोर्डो मिश्रण' असता, तर तक्त्याशी ताडून पाहायला काही नव्हतं. एकच प्रमाण दोन वाटांनी सांगणारं पुस्तक, म्हणजे टक्केवारीही आणि '२०० लीटर पाण्याला २ किलो' असंही, स्वतःची चूक स्वतःच उघडी पाडतं. तेव्हापासून मी तक्ते असेच बघते: दोन आकडे घ्यायचे आणि भागायचे.

पाककृतींची नऊ पुस्तकं समितीतल्या काकूंकडे गेली. त्यांनी पाककृती वाचल्याच नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, 'चकली तेलात विरली तर?' आणि शोधायला लागल्या. भाजणीचं प्रमाण सगळीकडे होतं, चार वाट्या तांदळाला दोन हरभराडाळ आणि एक उडीदडाळ, इकडेतिकडे थोडा फरक. पण चकली विरते ती बहुतेक मोहन जास्त झालं म्हणून, आणि कडक होते ती मोहन कमी पडलं म्हणून. एवढी दोन वाक्यं नऊपैकी तीनच पुस्तकांत मिळाली. 'बेताचे मोहन घालावे' असं लिहिणाऱ्या पुस्तकाबद्दल काकू म्हणाल्या, "बेत कळत असता तर पुस्तक कशाला उघडलं असतं?"

त्यांनी आणखी एक गोष्ट पकडली, ती माझ्या लक्षात आली नसती. केकच्या एका पुस्तकात मूळ इंग्रजीतला 'कप' सरसकट 'वाटी' झाला होता. तिकडचा कप साधारण २४० मिलिलीटरचा. आपली आमटीची वाटी त्याहून पुष्कळ लहान, आणि प्रत्येक घरात वेगळी. सगळं वाटीनंच मोजलं तर प्रमाण टिकतं, हरकत नाही. पण त्याच पाककृतीत लोणी ११५ ग्रॅम आणि अंडी दोन होती. वाटी लहान झाली की मैदा कमी होतो, लोणी आणि अंडी तेवढीच राहतात, आणि केक मध्ये बसतो. साखरेचा कप २०० ग्रॅम आणि मैद्याचा साधारण १२५, हा फरकही पुस्तकात कुठे नव्हता. ते परत पाठवलं.

बांधणी पाहायची राहून जाते. स्वयंपाकाचं पुस्तक ओट्यावर उघडं पडून राहिलं पाहिजे. एका हाताला पीठ असताना दुसऱ्या हातानं पान दाबून धरावं लागणं म्हणजे छळ. पुस्तकाची पाठ वरून बघायची. घडी घातलेले फर्मे (पानांचे जुडगे) दिसले आणि मधल्या पानावर दोरा दिसला तर शिलाई आहे, पुस्तक सपाट उघडेल. पानं सुटी कापून नुसती डिंकानं चिकटवलेली असतील तर दहा-पंधरा देवघेवींत ती पत्त्यांसारखी हातात येतात. बाद पुस्तकांच्या ढिगात अशीच जास्त असतात.

दुपारची सगळ्यात लांबलेली चर्चा मात्र एका देखण्या पुस्तकावर झाली. घरातली दुरुस्ती, रंगीत छायाचित्रं, गुळगुळीत कागद, अनुवादित. आमच्या समितीत एक जण आयटीआयमध्ये वीजतंत्री शाखेला शिकवतात. त्यांचा प्रश्न होता, 'दोन किलोवॅटच्या गिझरला वायर कोणती आणि एमसीबी (जादा वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच) किती अँपिअरचा?' त्यांना अपेक्षित उत्तर असं: २००० भागिले २३०, म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास, तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी, आणि शॉकपासून बचावासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी.

पुस्तकातला हिशेब १२० व्होल्टचा होता. त्यांनी पान उलटलं आणि एकदम थांबले. तिथे लिहिलं होतं, 'काळी तार ही जिवंत तार असते, पांढरी तार तटस्थ असते.' अमेरिकेत हे खरं आहे. आपल्याकडे फेज, म्हणजे वीज येते ती तार, लाल, पिवळी किंवा निळी असते, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची. अनुवाद शब्दाला शब्द बरोबर, मराठी स्वच्छ, आणि त्या वाक्यावर विसंबून कुणी लाल तारेला हात घातला तर माणूस जायचा. सर म्हणाले, "अनुवादकानं एकदा कुठल्याही वायरमनशी बोलायला हवं होतं. 'जिवंत तार' म्हटल्यावर तो हसला असता, आणि मग रंगांवरून भांडला असता."

समितीत कुणी सुचवलं की शुद्धिपत्र चिकटवून घेऊ, चित्रं चांगली आहेत. मी ठाम नकार दिला. एक आकडा चुकला तर चिठ्ठी लावता येते. इथे व्होल्टेज, वारंवारता, रंग, प्लगची पिनं, नळाच्या आट्या, सगळं दुसऱ्या देशातलं. शिवाय वीजजोडणीचं कोणतं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं, याचा अवाक्षरही उल्लेख नाही. काय करू नये हे न सांगणारं दुरुस्तीचं पुस्तक मला नेहमीच संशयास्पद वाटतं.

आवृत्तीचा मामला थोडा वेगळा. 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांत आपल्याकडे फारसा फरक पाळत नाहीत. मजकूर तोच, पान चारवर साल नवं. म्हणून आतल्या खुणा शोधाव्या लागतात. शेतीच्या पुस्तकात 'एंडोसल्फान फवारावे' दिसलं की ओळखायचं, मजकूर २०११ च्या आधीचा आहे, कारण त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं त्यावर बंदी आणली. कायद्याच्या पुस्तकाला भारतीय न्याय संहिता विचारायची. ती १८६० च्या दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू आहे. खुनाचं ३०२ कलम तिथे १०३ झालं, फसवणुकीचं ४२० हे ३१८ मध्ये गेलं, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेतलं एफआयआरचं १५४ कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १७३ झालं. टेबलावरच्या चार कायदा-मार्गदर्शकांपैकी दोघांवर साल २०२५ होतं आणि आत १८६० ची दंडसंहिता. ती परत गेली. कपाटातली जुनी मात्र काढली नाहीत, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या कलमांखालीच चालतात. त्यांच्या पहिल्या पानावर तारखेचा शिक्का मारला.

कोशांना हा नियम लागू नाही. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश अजूनही आठवड्यातून एकदा तरी कपाटाबाहेर निघतो आणि मराठी विश्वकोशाचा १९७६ चा पहिला खंड लोकसंख्येच्या आकड्यांसाठी निरुपयोगी असला तरी अलंकारासाठी उत्तम आहे. नव्या शब्दकोशाला आम्ही एकच विचारलं: 'क्षमा' कुठे? काही कोशांत क्ष हा क च्या पोटात असतो, काहींत थेट ह नंतर. दोन्ही चालतं, प्रस्तावनेत सांगितलेलं असलं म्हणजे झालं. नसेल तर शाळेतलं पोर शेवटची पानं उलटतं, 'शब्दच नाही' म्हणतं आणि कोश मिटतं. सूचीबद्दल तर बोलायलाच नको. ३८ पैकी शेवटी सूची असलेली पुस्तकं पाच. 'डिंक्या' (झाडाच्या बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) किंवा 'एमसीबी' शोधणाऱ्यानं अख्खं पुस्तक वाचावं अशी प्रकाशकांची अपेक्षा दिसते.

किती वेळा गेलं यावरून उपयुक्तता ठरवावी, असं समितीत दरवेळी कुणीतरी म्हणतं. मुदतपत्रावरचे शिक्के फसवे असतात. दोन दिवसांत परत आलेलं पुस्तक टाकाऊ असेल, किंवा त्यानं दोन दिवसांत काम केलं असेल. मी त्यापेक्षा हळदीचे डाग बघते. ज्या पानावर हळद, ग्रीस किंवा माती आहे ते पान कामाच्या जागी उघडं होतं. आमच्या एका जुन्या लोणच्याच्या पुस्तकाची फक्त कैरीची चार पानं पिवळी आहेत, बाकीचं कोरं. ती चार पानं मात्र कुणी काढू देणार नाही.

३८ पैकी ११ घेतली. बैठक संपल्यावर पान ८४ चं काम उरलं होतं. १० खोडून १०० केलं, शेजारी शुद्धिपत्राची चिठ्ठी डकवली, '१ : १ : १०' हे फक्त पेस्टसाठी असं लाल शाईनं लिहिलं, दाखल नोंदवहीत शेरा मारला. मग देवघेवीच्या नोंदीतून त्या वर्षी हे पुस्तक नेलेल्या सभासदांची नावं काढून फोन लावले. सहा जण होते. एकीनं पुस्तक उघडलंच नव्हतं. तिघे मोठे बागाईतदार. ते म्हणाले, प्रमाण काय पुस्तकात बघतो होय आम्ही. एकानं दुकानातून तयार औषध आणलं होतं.

सहावे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, दारात लिंबाची चार झाडं. त्यांनी पान ८४ प्रमाणेच केलं होतं, तराजूवर मोजून. माझ्या पोटात गोळा आला. मी विचारलं, पानांचं काय झालं?

"पानांना कुठलं लागतंय मॅडम," ते म्हणाले. "एवढं दाट झालं की पंपातून सुटेचना. नोझल दोनदा साफ केलं, तिसऱ्यांदा कंटाळलो. वाया कशाला घालवायचं, म्हणून जुना ब्रश घेतला आणि बुंध्यांना फासून टाकलं. डिंक गळायचा तेवढा थांबलाय बघा. चुकलं का काही?"