टेबलाखालचा सर्व्हर

भोसरीच्या एमआयडीसीत आमचं सीएनसी जॉबवर्कचं युनिट आहे. माणसं चाळीसेक, आणि आयटी विभाग म्हणजे मी एकटा. खरं तर मी प्लॅनिंगचा माणूस. पण दहा वर्षांपूर्वी एकदा प्रिंटर चालू करून दिला, तेव्हापासून जिला वायर आहे ती प्रत्येक वस्तू माझ्याकडेच येते.

२०२४च्या उन्हाळ्यापर्यंत आमचा ‘सर्व्हर’ अकाउंटच्या मॅडमच्या टेबलाखाली होता. साधा डेस्कटॉप, विंडोज १०. त्यावर मॅडम दिवसभर मेल आणि एक्सेल करायच्या आणि त्याच्याच पोटात व्हर्च्युअलबॉक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन व्हीएम (पीसीच्या आत चालणाऱ्या आभासी मशीन) चालायच्या: एकीत टॅली, दुसरीत हजेरीचं सॉफ्टवेअर. हा संसार मीच थाटून दिला होता. जुने दोन पीसी एकाच महिन्यात गेले, नवीन घ्यायला साहेब तयार नव्हते आणि व्हर्च्युअलबॉक्स फुकट होतं. दुपारभरात काम झालं, वर कौतुकही झालं. पीसीच्या बटणावर ‘कृपया बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि विसरून गेलो.

आमची सुट्टी गुरुवारी. एका गुरुवारी रात्री त्या पीसीने अपडेट घेतलं आणि स्वतःच रिस्टार्ट झाला. शुक्रवारी सकाळी सातला चाकणला जाणारा टेम्पो भरून तयार, पण बिल निघेना, म्हणून माल नेताना लागणारं ई-वे बिल निघेना. व्हीएम सुरू व्हायच्या त्या मॅडमच्या लॉगिनमध्ये, आणि मॅडम येणार साडेनऊला. पासवर्ड अर्थातच फक्त त्यांना ठाऊक. त्या आल्यावर व्हर्च्युअलबॉक्स उघडलं, तर दोन्ही व्हीएमसमोर ‘अबॉर्टेड’ लिहिलेलं. हजेरीचे पंच यंत्रातच साठलेले होते म्हणून ते वाचले. टॅलीचा डेटा मात्र रिपेअरला लावावा लागला. टेम्पो सुटला साडेअकराला. साहेब काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

चूक माझीच होती. अपडेटची वेळ बांधून ठेवता आली असती, व्हीएम लॉगिनशिवाय सुरू करायची सोयही करता आली असती. पण असं एकेक ठिगळ लावत बसलो, तरी तो शेवटी मॅडमचा पीसीच राहणार होता. उद्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला, तर टॅलीही त्याच डिस्कवर.

म्हणून बेअर मेटलचा, म्हणजे मध्ये कुणाचा पीसी न ठेवता व्हीएम थेट मशीनवर चालवण्याचा, विचार सुरू केला. व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायझर. पुस्तकात त्याचे दोन सरळ कप्पे असतात: थेट हार्डवेअरवर बसला की टाइप १, एखाद्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ॲप म्हणून चालला की टाइप २. ही विभागणी १९७०च्या दशकातली, रॉबर्ट गोल्डबर्ग यांच्या लिखाणातून आलेली. आज ती तितकी स्वच्छ राहिलेली नाही. केव्हीएम हा हायपरव्हायझर २००७ साली लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आला. मग त्याला वरचं म्हणायचं की खालचं? यावर वाद घालणारे घालोत. मला माझा प्रश्न कळला होता: लाइट जाऊन आल्यावर, कुणीही कीबोर्डला हात न लावता, माझ्या व्हीएम उभ्या राहतात का?

वेगाचा मुद्दा मी सुरुवातीलाच बाजूला ठेवला. सगळे तुलना करतात ती वेगाची, पण पाच माणसं टॅली वापरतात तिथे फरक कळतसुद्धा नाही. व्हर्च्युअलबॉक्स एकदाच फार रडलं होतं, तेव्हा खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसत होतं. होस्टवर, म्हणजे खालच्या विंडोजमध्ये, मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा हायपरव्हायझर हायपर-व्ही चालू असला, की व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या डोक्यावर बसून काम करावं लागतं आणि ते कासव तेच सांगत असतं. इतकी प्रामाणिक खूण मी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेली नाही.

समोर तीन नावं होती. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयचं नाव मोठं, पण ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३मध्ये कंपनी विकत घेतली, डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये फुकटची आवृत्तीही बंद केली. (ती एप्रिल २०२५मध्ये परत आली, पण तोवर आमचं सगळं मार्गी लागलं होतं.) शिवाय साध्या मदरबोर्डवर हमखास असणारं रियलटेकचं नेटवर्क कार्ड ईएसएक्सआयच्या इन्स्टॉलरला ओळखू येत नव्हतं. म्हणजे घरी जुन्या पीसीवर सराव करायचीही पंचाईत.

हायपर-व्हीवर मी बराच अडकलो. फुकटचा हायपर-व्ही सर्व्हर २०१९च्या आवृत्तीवर थांबला, पण आम्हाला विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स तसंही घ्यायचंच होतं. त्यात दोन विंडोज व्हीएम बसतात आणि आमच्या नेमक्या दोनच. हे लायसन्स मशीनच्या कोरवर मोजतात, किमान १६. खाली हायपरव्हायझर कुणाचा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे पैशाच्या बाबतीत हायपर-व्ही घ्या किंवा दुसरं काही, खर्च तेवढाच. हे कळायला मला आठवडा लागला. तोपर्यंत मी साहेबांना ‘लिनक्सवाला स्वस्त पडेल’ असं सांगत फिरत होतो.

शेवटी तिसरं नाव, केव्हीएमवर चालणारं लिनक्सवालं प्रॉक्समॉक्स घेतलं. कारण एवढंच, की खालच्या थरात मला पुन्हा दर महिन्याला रिस्टार्ट मागणारी विंडोज नको होती, बॅकअपची सोय आतच हवी होती आणि लिनक्स मला थोडंफार येत होतं. ज्याला विंडोजचीच सवय आहे, त्याने हायपर-व्ही घ्यावं. त्याचं काही बिघडणार नाही.

नवीन टॉवर सर्व्हर आला: ६४ जीबी रॅम, दोन एसएसडी मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा). इन्स्टॉलेशनला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग शेजारच्या पीसीवरून ब्राउझरमध्ये ८००६ पोर्ट उघडला, की सगळा कारभार समोर. घाम फुटला तो जुन्या व्हीएम हलवताना. डिस्कची फाइल आणली, वेग चांगला मिळतो म्हणून उत्साहाने व्हर्टआयओ या खास व्हीएमसाठीच्या आभासी जोडणीवर लावली, आणि विंडोजने निळा स्क्रीन दाखवला: ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. रात्रीचे दहा वाजले होते, वॉचमन दोनदा डोकावून गेला होता. उपाय नंतर कळला तो सोपा होता. आधी डिस्क साध्या साटा जोडणीवर लावून विंडोज उठू द्यायची. मग एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडायची, तिच्या निमित्ताने ड्रायव्हर टाकून घ्यायचा. तो एकदा नीट बसला की बंद करून खरी डिस्क व्हर्टआयओवर न्यायची. मुलीच्या घरी आधी धाकट्या भावाला धाडून घर कसं आहे ते बघून यायला सांगतात, तशातली गत.

त्या व्हीएम मी तशाच कायम ठेवल्या नाहीत. सगळं नीट चालतंय हे दिसल्यावर नव्या सर्व्हर विंडोजमध्ये टॅली आणि हजेरी दोन्ही ताजी बसवली, फक्त डेटा आणला. वर्षानुवर्षांचा कचरा तरी मागे राहिला.

प्रॉक्समॉक्समध्ये लॉगिन केलं की ‘व्हॅलिड सबस्क्रिप्शन नाही’ अशी चौकट येते. साहेबांनी ती पाहिली आणि विचारलं, “फुकट म्हणाला होतास ना? मग हे काय?” फुकट वापरता येतं, सबस्क्रिप्शन मदतीसाठी आणि जास्त तपासलेल्या अपडेटसाठी असतं, हे समजावलं. पटलं की नाही कळलं नाही, पण पुन्हा विचारलं नाही.

खरी परीक्षा घेतली एका गुरुवारी, कारखाना रिकामा असताना. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग लावली, प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमचा क्रम ठरवला: आधी लिनक्सवरचा फाइल सर्व्हर, साठ सेकंदांनी टॅली, मग हजेरी. रात्रीच्या बॅकअपची प्रत एनएएसवर (नेटवर्कवरच्या वेगळ्या साठवणीवर) आहे ना, ते दोनदा पाहिलं. मग सगळ्या व्हीएम नीट बंद केल्या, सर्व्हरही बंद केला, प्लग काढला, पाच मिनिटांनी परत लावला आणि गेटबाहेरच्या टपरीवर जाऊन कटिंग सांगितला. मोबाइल ऑफिसच्या वायफायला तिथपर्यंत जेमतेम लागतो.

चहा येईपर्यंत पहिली व्हीएम हिरवी झाली होती. दुसरीही झाली. तिसरीची वाट बघता बघता वायफायच गेलं. धावत आत गेलो, तर हजेरीची व्हीएम व्यवस्थित चालू होती. राउटरची पिन काढून वॉचमनने तिथे त्याचा चार्जर लावला होता.